माळशिरस ते वेळापूर: दिंडीतील एक दिवस

दर आषाढात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते आणि आम्ही सोलापूरकर रस्त्याच्या कडेला उभे राहून तिचे दर्शन घेतो. पाहणाऱ्याची वारी आणि चालणाऱ्याची वारी मात्र निराळी असते, हे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर माळशिरस ते वेळापूर ही सुमारे 20 किलोमीटरची वाट चालताना समजले. रथामागील एका दिंडीत अक्कलकोट तालुक्यातील काही परिचित मंडळी नेमाने चालतात. त्यांनी दिंडीप्रमुखांची परवानगी घेऊन मला एका दिवसापुरते सामावून घेतले.

पहाटे टँकरपाशी आंघोळी उरकून, राहुट्या ट्रकमध्ये भरून दिंडी रस्त्याला लागली. मला टाळ वाजवता येत नसल्यामुळे हाती पताका देण्यात आली आणि “माउली, ओळ सोडू नका,” एवढीच सूचना झाली. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांत मृदंगी, मग वीणेकरी आणि त्यांच्या पाठीमागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या महिला, असा दिंडीचा क्रम असतो. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी घडी घालून दिली, ती लाखोंच्या गर्दीतही मोडत नाही. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला मानाचा क्रम पाहत वाढलेल्या माणसाला शिस्तबद्ध गर्दीचे अप्रूप नसते, तरीही वाटेवर दिवसेंदिवस चालणाऱ्या या शिस्तीने मी चकित झालो.

अभंगांनाही क्रम आहे. सकाळी रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, आणि दिवस कलताना हरिपाठ. त्यामुळे कोणते पद चालू आहे यावरून वेळेचा अंदाज येतो. पुणे-पंढरपूर पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 965, आता चौपदरी झाल्यामुळे वाहने आणि वारकरी यांची कोंडी कमी झाली, हे मान्य करावेच लागते. पण रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली, आणि पावसाने दडी मारलेल्या दिवशी डांबरावरून अनवाणी चालणाऱ्या वृद्धांकडे पाहताना या सुधारणेचा आनंद निम्मा होतो. दोन्ही बाजूंना नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हिरवागार ऊस होता आणि सावली मात्र नव्हती.

खुडूस फाट्यावर गोल रिंगण झाले. मैदानात दिंड्या वर्तुळाकार उभ्या राहिल्या, पताकाधारी, तुळशीवाल्या महिला आणि वीणेकरी धावून गेले, आणि मग दोन अश्व सुटले. एकावर स्वार असतो; दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण त्यावर स्वतः माउली आरूढ असतात अशी श्रद्धा आहे. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी लोक वाकले. माझ्या शेजारच्या मावशींनी ती चिमूटभर माती पदराच्या टोकाला बांधली आणि घरी नातवासाठी नेणार असल्याचे सांगितले.

वेळापूरच्या अलीकडे धावाबावीला चढ संपतो. येथून तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका आहे. म्हणून धाव्याचा अभंग होताच सगळे उतारावरून धावू लागतात. पंढरपूर येथून तीसेक किलोमीटर दूर आहे, परंतु धावताना हा हिशेब कोणी करत नाही. मीही केला नाही, पताका सांभाळण्यातच माझी त्रेधा उडाली.

तळावर समाजआरतीसाठी दिंड्या उभ्या राहिल्या आणि चोपदारांनी दंड उंचावला, तसे हजारो टाळ एका क्षणात थांबले. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने अशा वेळी टाळ थांबवायचे नाहीत आणि चोपदारांनी जाऊन कारण विचारायचे, असा येथला रिवाज आहे. त्या दिंडीचे म्हणणे होते की वाटचालीत दुसऱ्या दिंडीची माणसे त्यांच्या ओळींत घुसली. चोपदारांनी दोन्ही बाजू ऐकल्या, समज दिली, मग टाळ थांबले. आमच्याकडे गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पार्किंगचा प्रश्न तासन्‌तास चालतो, ही आठवण मला त्या गंभीर प्रसंगीही टाळता आली नाही. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारण्यात आल्या, दुसऱ्या दिवशी भंडीशेगावकडे निघण्याची वेळ सांगण्यात आली आणि आरती झाली. पिठले-भाकरीची पंगत उठल्यावर मी पताका दिंडीप्रमुखांकडे परत दिली आणि सोलापूरची एसटी मिळते का हे पाहायला निघालो.