डिस्प्लेवर पाच, बाटलीत अकरा

नवा फ्रीज लॅबमध्ये आला तेव्हा सगळ्यांना घाई होती. जुना बंद पडला होता आणि आमची किट्स, म्हणजे चाचणीच्या द्रवांचे संच, शेजारच्या विभागाच्या फ्रीजमध्ये उसन्या जागेवर पडली होती. पण जिना चढवताना हमालांनी नवा फ्रीज चक्क आडवा केला होता, ते मी पाहिलं होतं. आडवं केलं की कंप्रेसरचं तेल नळ्यांत जातं, ते खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. मी प्लगवरच चिकटपट्टी लावून लिहिलं, 'उद्या सकाळपर्यंत हात लावू नये.' सर म्हणाले, "घरचा तर आम्ही लगेच लावला होता." मी हसून वेळ मारून नेली.

सकाळी भिंतीपासून हातभर पुढे ओढला, पाय फिरवून समतल केला आणि अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटला लावला. एक्स्टेन्शन बोर्ड नको, यावर मी अडून बसलो.

खरी गंमत पुढे. दीड तासात डिस्प्लेवर ५ अंश आले आणि ट्रॉलीवर किट्स घेऊन दोघं दारात हजर! मी मात्र वरच्या, मधल्या आणि खालच्या कप्प्यात ग्लायकॉल या सहजी न गोठणाऱ्या द्रवाच्या छोट्या बाटल्या ठेवून त्यांत थर्मामीटरचे प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी टोकं, बुडवले होते. वरच्या बाटलीत तेव्हा ११ होते. डिस्प्ले हवेचं तापमान सांगतो. हवा पटकन गार होते, बाटलीतल्या द्रवाला वेळ लागतो. ट्रॉली परत गेली, थोडी कुरकुर करत.

दुसऱ्या दिवशी वर ६.८, मध्ये ५.१ आणि तळाशी मागच्या कोपऱ्यात १.६. आम्हाला हवं होतं २ ते ८. गरम राहण्याची धास्ती सगळ्यांनाच असते, पण किटमधला द्रव गोठला तर तो पुन्हा वितळूनही बरेचदा वाया गेलेला असतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. कंपनीने सेट केलेले ४ अंश मी ५ केले. रात्रभरानंतर कोपरा २.६ वर आला. तरी भरवसा नव्हता.

मग तापमान चढलं किंवा वीज गेली तर वाजायला हवा तो अलार्म. प्रोबची बाटली कोमट पाण्यात धरली, वाजला. प्लग काढला, शांतता! बॅकअप बॅटरीची वायर जोडलेलीच नव्हती. जोडून पुन्हा तपासलं. प्लग परत लावण्याआधी पाच-सात मिनिटं थांबलो, कारण कंप्रेसरमधला दाब उतरायच्या आत तो सुरू करायला गेलं की मोटर अडकते.

याच गडबडीत एक विद्यार्थी ईथरची बाटली घेऊन आला. "फ्रीजच आहे ना?" ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ पेटू शकते ते, उणे ४५ अंश. पाच अंशांतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि साध्या फ्रीजमध्ये दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते. आमचा स्पार्क-प्रूफ नव्हता. बाटली आली तशी परत गेली.

किट्स एकेक कप्पा करून भरली, रीडिंग खाली आलं की पुढचा. तो तळाचा कोपरा मी पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाकला. तिथे कुणी काही ठेवणार नाही आणि वीज गेली तर गारवाही थोडा टिकेल. दुसऱ्याच दिवशी सरांनी विचारलं, "हे पाणी प्यायचं आहे का?" आता त्या बाटल्यांवरही चिकटपट्टी आहे.