मरळीचे डोके आणि परत आलेले प्रकरण

भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांतली (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांतली) मरळ आणि वैनगंगेतली मरळ यांच्या शरीराच्या ठेवणीत फरक आहे काय, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. मापे घेऊन तक्ते भरण्याचे काम सुरळीत पार पडले. अडले ते माशाच्या आकारमानाचा परिणाम वगळण्यापाशी, आणि त्याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

संशोधन समितीचा आग्रह असा की, प्रत्येक मापाला तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीने भागून टक्केवारी द्यावी, कारण आधीच्या प्रबंधांत तसेच केलेले आहे. तसे भागले की तलावातल्या मरळीचे डोके मोठे ठरत होते. परंतु तलावातली मोठी मरळ पाळीवरच, म्हणजे तलावाच्या बांधावरच, विकली जाते, त्यामुळे माझ्या हाती तिथली लहानच लागली होती, आणि लहान माशाचे डोके अंगाच्या मानाने मोठेच असते. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी १९२४ साली मांडलेल्या घातसूत्रात (अवयवाचे माप शरीराच्या मापाच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात वाढते) डोक्याचा घातांक ०.८५ धरला, तर १५ सेंटिमीटरचा मासा ३० सेंटिमीटरचा होईपर्यंत डोके दुपटीऐवजी १.८ पटच होते आणि गुणोत्तर आपोआप दहा टक्क्यांनी घसरते. म्हणजे आकारमान वगळले म्हणून जो आकडा दाखवायचा, त्यात आकारमानच उरलेले असते. हे सर्व मी लेखी कळवले, तरी ‘प्रचलित पद्धत वापरावी’ एवढ्या शेऱ्यासह प्रबंधाचे ते प्रकरण परत आले आणि पुढच्या बैठकीची वाट पाहणे नशिबी आले.

अखेर मी डोके आणि लांबी या दोन्ही मापांचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला. तलावाचे निळे आणि नदीचे लाल ठिपके एकाच तिरप्या रेषेवर, खालून वर, एकमेकांत मिसळत गेले होते; म्हणजे डोक्यातला फरक केवळ आकारमानाचा होता. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. त्या आलेखाचा मला आजही अभिमान आहे.

हे काम करणाऱ्यांनी दोन्ही गटांच्या रेषांचा उतार सारखा आहे का, हे आधी तपासावे. तो सारखा असल्यास गटांतर्गत सामाईक उतार काढून सर्व मापे सरासरी लांबीवर आणावीत. सगळे ठिपके एकत्र करून एकच रेषा काढल्यास गटांमधला खरा फरकही उतारात मिसळतो. छायाचित्रावर खुणा करून प्रोक्रस्टेस पद्धत (सगळ्या माशांच्या खुणा एका मापाच्या करून एकमेकांवर बसवण्याची रीत) वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तिने मोजपट्टी सारखी होते, पण वाढीसोबत बदलणारी ठेवण तशीच राहते. आणि मासे गोळा करतानाच दोन्ही ठिकाणची काही समान लांबीची मरळ मिळवावी, त्यासाठी पाळीवर पहाटे विक्रीपूर्वी पोहोचावे. लांबी कुठेच जुळत नसेल, तर नंतर कोणतेही सूत्र कामी येत नाही.