डल्सिमर-नोंदी: बोटं सोडली, काठी धरली

माउंटन डल्सिमर, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायचं अमेरिकी तंतुवाद्य, वाजवणाऱ्या मंडळींसाठी यावेळची नोंद. मोठी बातमी एकच: कॉर्ड्सना, म्हणजे बोटांनी एकदम धरलेल्या सुरांना, रजा दिली आहे. आता डाव्या हातात नोटर, म्हणजे बोटाएवढी लाकडी काठी, आणि उजव्या हातात टर्कीचं पीस.

याला कारण नॉर्थ कॅरोलायनातल्या बूनजवळची बैठक. त्याच राज्यातल्या कॅरीहून गाडीने तीनेक तास, वर डोंगरात. नोंदणी नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, एका घराच्या पोर्चवर खुर्च्या गोल मांडलेल्या. अट मात्र होती: जुन्या पद्धतीनेच वाजवायचं. हा सगळा बीच माउंटनचा परिसर. हिक्स, प्रेस्नेल अशा घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथे डल्सिमर घडवली आणि वाजवली. त्यामुळे या पोर्चवर ‘जुनी पद्धत’ म्हणजे शेजारचे आजोबा वाजवायचे ती.

नोटर फक्त सुरांच्या तारेवर फिरतो, बाकीच्या तारा मोकळ्या वाजत राहतात. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या वाद्याला पूर्ण रुंदीचे पडदे (फ्रेट) नव्हतेच. तारेचे छोटे आकडे ठोकलेले, तेही फक्त पहिल्या तारेखाली. कॉर्ड धरायची म्हटली तरी धरणार कुठे! त्यांच्या नोटरवर तारेने घासून खाच पाडलेली. खाच खोल झाली की ते काठी जराशी फिरवून घेतात. काठी एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकताना मधला प्रवासही ऐकू येतो. आपल्या कानाला तो लगेच पटतो, मींडेच्या घरातलाच.

खरी मेहनत पिसाची. मी ते पेनासारखं टोकाशी पकडत होते. आजोबांनी माझ्या हातातून काढून घेतलं, लांब धरलं आणि म्हणाले, ‘‘वाकू दे त्याला. काम पीस करतं, मनगट नाही.’’ पिसाच्या दांड्याचे केस काढून टाकायचे, टोक लवचिक राहील एवढं तासायचं आणि तारांवरून बाहेर-आत, बाहेर-आत असा झाडू फिरवायचा. प्लास्टिकच्या पिकचा ‘टक्‌’ जातो, खसखस येते, आणि त्या खसखशीतच लय असते. पीस मिळत नसेल तर दुधाच्या प्लास्टिक कॅनची पट्टी कापा. बैठकीत दोघांकडे तीच होती आणि आवाजात फारसा फरक नव्हता.

आता जुळवणीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त मजा तिथे येतेय. पडदे सात सुरांचेच, मधले अर्धे सूर गायब. म्हणून थाट बदलायचा तर सुरांची तार बदलायची. खर्जाची तार डी म्हणजे सा, मधली ए म्हणजे पंचम, या दोन हलवायच्या नाहीत. पहिली तार ए ला लावली की सा तिसऱ्या पडद्यावर येतो आणि बिलावल मिळतो. तीच जी ला उतरवली की सा चौथ्या पडद्यावर, काफी. सी ला चढवली की सा पहिल्या पडद्यावर, आसावरी. वरच्या डी ला लावली तर मोकळी तारच सा आणि हाती खमाज. शुद्ध नी हवा म्हणून पुढे लोकांनी साडेसहावा पडदा घातला. मूर्च्छना, म्हणजे त्याच सुरांत सा वेगळ्या जागी धरणं, शिकलेल्यांना हे दोन मिनिटांत कळेल. पाश्चात्त्य पुस्तकं याच थाटांना आयोनियन, डोरियन म्हणत पानं भरतात.

डी-ए-डी (खर्ज, मधली, पहिली) वरून डी-ए-ए वर येणाऱ्यांना एक सूचना: पहिली तार १२ ची, म्हणजे ०.०१२ इंच जाडीची, असेल तर ती ए ला फार सैल पडते आणि नोटरखाली झणझणते. १४ ची लावा.

गॅलॅक्सची एक बाई आली होती. तिकडच्या, म्हणजे व्हर्जिनियाच्या, पद्धतीत वाद्याला चार तारा, चारही एकाच सुरात आणि वेग नाचाचा. फिडलच्या बरोबरीने ती पीस असं काही चालवत होती की आम्ही बाकीचे वाद्य मांडीवर ठेवून नुसते बघत बसलो. ते माझ्या आवाक्यातलं नाही, निदान सध्या तरी. त्यापेक्षा केंटकीच्या गायिका आणि डल्सिमरवादक जीन रिची यांची शांत, गाण्याला जागा देणारी चाल मला जवळची वाटते.

दुपारभर सगळं डी मध्येच चाललं. लाकडी खुंट्यांची वाद्यं असतात, सारखं जुळवत बसलं तर वाजवायचं कधी? आसावरी जेवणानंतर झाली, एकदाच.

सध्या घरी डी-ए-जी लावून ठेवलंय. डावा हात वळणावर आलाय, उजवा अजून तिस्र, म्हणजे तीन-तीनच्या, लयीत अडखळतो. अकराव्या पडद्याच्या वर नोटर चिरकतो, तिथे बांबू बरा की शिसवी, हे कुणी दोन्ही वापरून पाहिलं असेल तर सांगा.