तुम्ही विचारलंत म्हणून: पाठांतर आधी की समज आधी?

पाचवी-सहावीच्या वर्गांना गणित शिकवत असल्यामुळे पालक मला हमखास विचारतात, की पाढे आणि रीती मुलांकडून आधी पाठ करून घ्याव्यात, की त्यांना समजेपर्यंत थांबावे. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाढ्यांना माझा मुळीच विरोध नाही. माझ्या आजोबांच्या पिढीने पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, अडीच यांचे पाढेही घोकले होते. सातची सव्वापट पावणेनऊ, हे आजोबा क्षणात सांगत. पण कसे म्हणून विचारले, तर सात आणि सातचा पाव हिस्सा म्हणजे पावणेदोन, अशी फोडही तितक्याच सहज करून दाखवत.

खरी अडचण रीतींची आहे. अपूर्णांकांच्या भागाकारासाठी ‘भाजक उलटा करा आणि गुणा’ एवढेच मला शाळेत सांगितले गेले, त्यावर पैकीच्या पैकी गुणही मिळाले, आणि भाजक उलटा का करायचा हा प्रश्न डी.एड.ला जाईपर्यंत कोणी माझ्यापुढे ठेवला नाही.

आता हा पाठ घेताना मी फळ्यावर ३ ÷ २/३ असे लिहिते आणि उत्तर तीनपेक्षा मोठे येईल की लहान, एवढेच विचारते. बहुतेक मुले ‘लहान’ म्हणतात. भागले की संख्या कमी होते, हे पूर्ण संख्यांच्या सरावाने मनात इतके घट्ट बसलेले असते, की ते सहजासहजी सुटत नाही. मग कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकीला घड्या घालून तीन समान भाग करायचे, आणि दोन भागांचा एक तुकडा असे धरून तुकडे मोजायचे. प्रत्येक पट्टीत एक तुकडा पुरा बसतो आणि एक भाग उरतो. त्या उरलेल्या भागाला काय म्हणायचे, यावर वर्गात खरा वाद होतो. एकदा बरीच मुले ‘एक तृतीयांश’ म्हणत असताना एक मुलगी ठामपणे म्हणाली, ‘‘नाही बाई, तो अर्धा आहे. आपण पट्टीने नाही, तुकड्याने मोजतोय ना!’’ सगळा भागाकार तिच्या त्या एका वाक्यात आला होता. एका पट्टीत दीड तुकडा, म्हणजे ३/२. तीन पट्ट्यांत त्याच्या तिप्पट, म्हणजे साडेचार. उलटा केलेला भाजक ‘एकात असे किती बसतात’ याचे उत्तर असतो, हे त्या दिवशी मुलांनी स्वतःच्या हाताने पाहिले. रीत मी त्यानंतर सांगितली, तेव्हा ती निम्म्या वर्गाने आधीच ओळखली होती.

याला वेळ लागतो आणि अभ्यासक्रम मागे पडण्याची धास्तीही असते, पण तो वेळ मला वाया गेलेला कधीच वाटला नाही. म्हणून पाढे जरूर पाठ असू द्या, कारण सात आठे किती हे बोटांवर मोजणाऱ्या मुलाला पुढचा विचार करायला उसंत मिळत नाही. रीत मात्र कारण दिसल्यावरच हाती द्या. घरी तुम्हाला एक गोष्ट नक्की करता येईल. २४ × ४९ मांडण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल, ते मुलाला विचारा. ‘‘बाराशेच्या थोडे अलीकडे’’ असे जे मूल सांगू शकते, त्याच्या वहीत चुकून ११७६० आले, तर ते त्याचे त्यालाच खटकते.