कडा जागचा हलत नाही

जुन्या युद्धांची चित्रं बघत बसायचा मला नाद आहे. गंमत म्हणजे नजर तोफांवर ठरत नाही, मागच्या डोंगराकडेच जाते. काळ्या समुद्राकाठी इंग्रज-फ्रेंच रशियाशी लढले त्या क्रिमियन युद्धातलं बालाक्लावा बंदरच घ्या. सप्टेंबर 1854 मध्ये इंग्रजांनी ते घेतलं आणि युद्ध संपेपर्यंत त्यांचा दाणागोटा तिथेच उतरत राहिला. पाठोपाठ चित्रकारही आले.

बंदर म्हणजे दोन कड्यांमध्ये घुसलेली चिंचोळी, वाकडी खाडी. समुद्रावरून तिचं तोंड चटकन सापडतही नाही. वर भूशिरावर इटलीतल्या जेनोआवाल्यांनी बांधलेल्या किल्ल्याचे पडके बुरूज. चित्रकाराला आणखी काय हवं? शिपाई पांगतात, घोडे उधळतात, धुरात समोरचं दिसेनासं होतं. कडा मात्र जागचा हलत नाही!

ग्लासगोचा चित्रकार विल्यम सिम्पसन शिळाछापाच्या, म्हणजे दगडावर चित्र काढून ते छापायच्या, कामात मुरलेला. 1854 च्या नोव्हेंबरात तो तिथे पोचला. (पुढे 1859 मध्ये, सत्तावन्नच्या उठावाच्या जागा रेखाटायला, तो हिंदुस्थानातही आला.) त्याच्या चित्रांतलं बंदर इतकं देखणं, की सहलीला जावंसं वाटेल. प्रत्यक्षात तिथल्या पाण्यात मेलेली जनावरं कुजत होती. वास काही चित्रात उतरत नाही, आणि याबाबतीत माझा सिम्पसनवर थोडा रागच आहे.

त्या देखण्या कड्यांनीही काही कमी घात केला नाही. 14 नोव्हेंबर 1854 च्या वादळात बंदराबाहेर नांगरलेली जहाजं त्यांच्यावरच आपटून फुटली. त्यात ‘प्रिन्स’ नावाचं जहाज होतं आणि त्याच्या पोटात फौजेचे हिवाळी कपडे. कपडे गेले तळाला आणि शिपाई थंडीत कुडकुडत राहिले. चित्रात भूशिर दिसलं की मला हल्ली आधी ते कपडे आठवतात.

लंडनच्या सचित्र साप्ताहिकांची तऱ्हा वेगळी. रणभूमीवरून आलेलं रेखाटन छपाईसाठी बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर उतरवायचं, ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांकडे द्यायचे, कोरून झाले की पुन्हा जोडायचे. स्क्रीनवर चित्र मोठं करून बघा, काही चित्रांत आकाशातून किंवा डोंगराच्या कुशीतून केसाएवढी पांढरी रेघ सरळ खाली गेलेली दिसते. तो सांधा. कोरणाऱ्याने बालाक्लावा कुठे पाहिलेलं असायला! मग कडा हवा तेवढा उंच व्हायचा, लाटा मात्र पठडीतल्या.

1855 मध्ये रॉजर फेंटन कॅमेरा घेऊन गेला. कॅमेऱ्यातली फोटो उमटायची काच काही सेकंद तरी उघडी ठेवावी लागे, त्यामुळे लढाईचा फोटो काढणं शक्यच नव्हतं. त्याने बंदर टिपलं, डोलकाठ्यांची दाटी टिपली, धक्क्यावरचे ढीग टिपले. फोटो जसाच्या तसा साप्ताहिकात छापायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून तोही पुन्हा लाकडात कोरायला त्याच कारागिरांकडे.