दोन पुस्तकांच्या मधली वीस वर्षं

फ्रेंच नाटककार रोस्ताँच्या सिरॅनो नाटकाच्या पहिल्या अंकात तो फेमस द्वंद्वाचा सीन आहे बघा, सिरॅनो हाताने तलवार चालवतोय, तोंडाने कविता रचतोय आणि कविता संपते त्याच ओळीला समोरच्याला लोळवतो. मग त्याच्याभोवती जी गर्दी जमते तिच्यातून एक मस्केटिअर, म्हणजे राजाच्या पलटणीतला शिपाई, पुढे येतो, हात मिळवतो, दोन वाक्यं कौतुकाची बोलतो आणि जातो निघून. सिरॅनो शेजारच्याला विचारतो, कोण हो हे? शेजारचा म्हणतो, दार्तान्यां. बस, एवढंच. पुढे अख्ख्या नाटकात तो माणूस परत दिसत नाही.

नाटक १८९७ चं, ड्यूमाची मस्केटिअर्सची कादंबरी, जिचा हिरो हा दार्तान्यां, ती १८४४ ची, ड्यूमाला जाऊनही तोवर सत्तावीस वर्षं झालेली. रोस्ताँला त्या सीनमध्ये दार्तान्यांची काही गरज नव्हती, कुणीही कौतुक केलं असतं तरी चाललं असतं. पण प्रेक्षकांत त्या नावावर काय कुजबुज झाली असेल ती मला इथे बसून ऐकू येते. वेगवेगळ्या जुन्या पुस्तकांतली माणसं एकत्र आणून, त्यांना खऱ्या इतिहासात सोडून, तलवारी आणि प्रेमप्रकरणं वगैरे करणाऱ्या ज्या कादंबऱ्या असतात ना, त्यांचं सगळं बीज मला त्या एका हात मिळवण्यात दिसतं. मी असल्या कादंबऱ्या भयंकर आवडीने वाचते. साहित्य म्हणून त्या फार थोर नसतात हे मान्य, बऱ्याचशा तर सरळ सरळ फालतू असतात, पण सुरू केली की सोडवत नाही.

का सोडवत नाही याचा मी बराच विचार केलाय. दोन हिरो भेटले म्हणून? ती मजा पहिल्या दहा पानांत संपते. नाव सांगितलं, टोपी काढली, टाळ्या झाल्या, पुढे काय? खरी मजा मला वाटते कॅलेंडरची. मूळ लेखकाने जी वर्षं कोरी सोडलीत तिथे हा नवा लेखक दबक्या पावलांनी घुसतो, आणि बाहेर पडताना सगळं होतं तसं ठेवून त्याला निघायचं असतं, भुरट्या चोरासारखं, घरमालकाला पत्ता लागता कामा नये. तो हे कसं जमवतो ते बघण्यात माझा जीव अडकलेला असतो.

दार्तान्यांचंच घ्या. पहिली कादंबरी १६२५ ला सुरू होते आणि ला रोशेलचा वेढा वगैरे होऊन १६२८ ला संपते. दुसरी उघडते थेट १६४८ मध्ये. मधली वीस वर्षं ड्यूमाने चक्क सोडून दिली. त्या वीस वर्षांत राजाचा मंत्री रिशल्यू मेला, राजा मेला, स्पेनशी युद्ध पेटलं आणि हिरो काय करत होता, तर लेफ्टनंटचा लेफ्टनंटच! आता सिरॅनो बघा, तो तर खराखुरा माणूस, १६१९ ते १६५५, आणि १६४० च्या आरासच्या वेढ्यात खरंच जखमी झालेला. म्हणजे तो बरोबर त्या कोऱ्या वीस वर्षांत बसतो. दार्तान्यां नावाचा माणूसही खरा होता, १६७३ ला मास्त्रिख्टच्या वेढ्यात मारला गेला. तेव्हा इथे खऱ्या माणसांवरून बनवलेली खोटी माणसं परत खऱ्या इतिहासात भेटतायत, डोकं गरगरतं पण मज्जा येते. ही फट दिसल्यावर कुणीतरी घुसणारच होतं, १९२५ मध्ये पॉल फेव्हाल नावाच्या लेखकाच्या मुलाने, त्याचंही नाव पॉलच, एका जोडीदाराला घेऊन दार्तान्यां विरुद्ध सिरॅनो अशी मालिकाच लिहिली, आणि नंतर त्या दोघांचा समेट घडवणारंही लिहिलं.

आता या कादंबऱ्यांमधल्या प्रेमाबद्दल बोलू, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. नव्या लेखकाला हिरॉइन लागते. मग तो एक तेजस्वी, घोडेस्वारी करणारी, कुणाचं ऐकून न घेणारी बाई तयार करतो, ती हिरोच्या प्रेमात पडते, हिरो तिच्या, चांगली दोनशे पानं रंगतात, आणि मग लेखकाच्या लक्षात येतं की अरे, पुढच्या पुस्तकात ही कुठेच नाहीये! १६४८ मध्ये दार्तान्यां कुठे सापडतो आपल्याला? तिकतोन रस्त्यावर एका खानावळवाल्या मादलेनकडे मुक्कामाला, प्रेमाचं खातं तेवढंच. म्हणजे नव्या हिरॉइनचं काहीतरी करायला पाहिजे. मग ती कॉन्व्हेंटमध्ये जाते, नाहीतर हिरोवर झाडलेली गोळी मधे येऊन स्वतःच्या छातीवर घेते, नाहीतर जहाजात बसून अमेरिकेला. मी आता तिची एन्ट्री झाली की लगेच अंदाज बांधते, कॉन्व्हेंट, गोळी की जहाज. बहुतेक वेळा गोळी. इतकी हुशार बाई, सगळी कटकारस्थानं तिने ओळखलेली, पण गोळी कुठून येणार हे तिला एकटीलाच बरोब्बर कळतं आणि तीच नेमकी मधे जाते. राग येतो खरंच. हिरोचं उरलेलं आयुष्य आधीच छापून झालंय त्याची शिक्षा तिला का?

दुसरा लोचा म्हणजे जिंकणार कोण. दोघंही हिरो, दोघांचे फॅन्स वेगळे. मॉरिस लब्लांने १९०६ मध्ये आपल्या आर्सेन लुपाँ या चोराच्या गोष्टीत शेरलॉक होम्सला बोलावलं, कॉनन डॉयलने हरकत घेतली, तर याने काय करावं, नाव करून टाकलं हर्लॉक शोल्मेस! आणि चालवलं पुढे. पण लुपाँ पडला घरचा गडी, त्यामुळे त्या इंग्लिश पाहुण्याची जी काही फजिती होते ती वाचताना होम्सवाल्यांना चिडायचा पूर्ण हक्क आहे. या बाबतीत महाभारत कितीतरी पुढे आहे. वनपर्वात भीम द्रौपदीसाठी फुलं आणायला जातो, वाटेत म्हातारं वानर शेपूट पसरून बसलेलं, भीमाला ती शेपूट हलवता येत नाही, आणि मग कळतं हा हनुमान, रामाच्या गोष्टीतला, आणि वर नात्याने थोरला भाऊ, दोघंही वायुपुत्र. थोरल्या भावापुढे हरलं तर कमीपणा कसला! दोन्ही गोष्टींची इज्जत शाबूत. लब्लांला हे सुचलं असतं तर डॉयलही कदाचित गप्प बसला असता.

बाकी स्कॉटने आयव्हॅनहोमध्ये रॉबिन हूडला सिंहहृदयी रिचर्डशेजारी आणून बसवला तो १८१९ मध्ये, तेव्हा ही खोड काही आजकालची नाही. आणि ज्यूल व्हर्नने तर स्वतःचीच माणसं स्वतःच्याच दुसऱ्या पुस्तकात आणताना कॅलेंडरचा पार बोजवारा उडवलाय. त्याच्या गूढ बेटावर माणसं येऊन पडतात १८६५ मध्ये. दुसऱ्या पुस्तकात पाणबुडीवाल्या कॅप्टन निमोबरोबर प्रोफेसर आरोनाचा प्रवास आहे १८६७-६८ चा. आणि तरीही बेटावरच्या इंजिनिअरला निमोची हकीकत आधीपासून पुस्तकात वाचून माहीत! जगापासून तुटलेल्या बेटावर ते पुस्तक टाकलं कुणी? तारखा जुळत नाहीत अशी तळटीपच द्यावी लागली शेवटी. पण तिथेच निमो आपलं खरं नाव सांगतो, बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, आणि त्या पानावर तारखांचा हिशोब मागायची माझी तरी हिंमत होत नाही. चूक असावी तर अशी.

आता माझी लाडकी फट सांगते, ही कुणी वापरली असेल तर मला वाचायचीच आहे. ड्यूमाचा एदमों दांतेस, म्हणजे पुढचा काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो, १८१५ च्या फेब्रुवारीत मार्सेयला खोट्या आरोपावरून पकडला जातो. आणि ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’चा हिरो जाँ वालजाँ त्याच वर्षी, तिथून फार लांब नसलेल्या तूलाँच्या बंदरातून, एकोणीस वर्षांची शिक्षा संपवून सुटतो. एक आत, एक बाहेर. पुढे ऐका. १८२३ मध्ये वालजाँ परत कैदी झालेला असतो, तूलाँला एका जहाजावरून समुद्रात उडी टाकतो आणि सगळे समजतात बुडाला. १८२९ मध्ये दांतेसला प्रेत समजून, पोत्यात शिवून, पायाला वजन बांधून शातो दिफ या तुरुंगाच्या तटावरून त्याच समुद्रात फेकतात. मधे १८२४ मध्ये वालजाँ पॅरिसच्या एका कॉन्व्हेंटमधून शवपेटीत पडून बाहेर पडलेला आहेच. म्हणजे हे दोघंही मेलेले म्हणून जाहीर, दोघांकडेही पुरलेला पैसा, दोघांनाही नाव बदलायची सवय. आणि कळस बघा, १८२९ च्या सप्टेंबरात दांतेस मार्सेयला वेषांतर करून जुन्या मालकाला दिवाळखोरीतून वाचवतो, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास वालजाँ कॉन्व्हेंट सोडून आपल्या मानलेल्या मुलीला, कोझेतला, घेऊन पॅरिसच्या प्लुमे रस्त्यावरच्या घरात राहायला येतो. त्यानंतर दांतेस एकदम १८३८ मध्ये रोमला उगवतो. मधली नऊ वर्षं कोरी!

हे मी बसून कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटाच आला. ड्यूमा आणि ह्यूगो दोघंही १८०२ चे, दोस्त, आणि १८४५ मध्ये एकीकडे काउंटची गोष्ट पेपरात हप्त्याहप्त्याने येत असताना दुसरीकडे ह्यूगोने आपली कादंबरी लिहायला घेतलेली. त्याच्या मनात काय होतं ते सोडा, पण एका समुद्राने दोन मेलेली माणसं परत दिली, एकाने ठरवलं हिशोब चुकता करायचा आणि दुसऱ्याने ठरवलं माफ करायचं, या दोघांना १८३० च्या आसपास पॅरिसमध्ये एका खोलीत बसवा आणि दार लावून घ्या. तलवारी नकोत, पाठलाग नकोत. वालजाँ फार बोलणार नाही. दांतेसच बोलेल, एकेका शत्रूची फाइल उघडून दाखवेल, आणि मधेच थांबेल कारण समोरचा माणूस आपला पाठलाग करणाऱ्या झाव्हेर नावाच्या पोलिसाबद्दल अजिबात चिडून बोलत नाहीये. पण दांतेस तिथे बदलता कामा नये हं! बदलला तर १८३८ ची सगळी कादंबरीच कोसळते. त्याला ऐकून घेऊन, पटूनसुद्धा, उठून सूड घ्यायला जायला पाहिजे. हे लिहायला किती अवघड आहे! म्हणूनच बहुतेक लेखक अशा वेळी खिडकीतून गुंड आत सोडतात आणि मारामारी सुरू करतात.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत तर गर्दीच गर्दी आहे. स्कार्लेट पिंपरनेल हा वेषांतर करणारा इंग्लिश हिरो १७९२ च्या सप्टेंबरात आपल्या एकोणीस साथीदारांसह उमरावांना गिलोटिनपासून पळवून नेतोय, आणि १७९३ च्या अखेरीला डिकन्सचा सिडनी कार्टन त्याच पॅरिसमध्ये दुसऱ्याच्या जागी मरायला उभा. सगळ्यांना वाचवणारा हा बहाद्दर तेव्हा कुठे होता, असा प्रश्न कुणालाही पडेल. कार्टनला वाचवलं की डिकन्सचा शेवट गेला, नाही वाचवलं तर पिंपरनेलची अब्रू गेली. मला वाटतं पिंपरनेल गाडीवाल्याच्या वेषात पोचला असणार, कार्टनने ओळखला असणार आणि नको म्हणून मान हलवली असणार. मान हलवली ते बघितलं फक्त कार्टनबरोबर गिलोटिनकडे जाणाऱ्या गाडीत असलेल्या त्या बिचाऱ्या शिवणकाम करणाऱ्या मुलीने, जिचं नावसुद्धा डिकन्सने दिलेलं नाही.

हिला हिरॉइन करून कादंबरी लिहा ना कुणीतरी. शेवट माहीत आहे, कॉन्व्हेंट नाही, गोळी नाही, जहाज नाही, आणि हिचा शेवट मूळ लेखकानेच लिहून ठेवलाय त्यामुळे नव्या लेखकाला तिला मारायची घाईसुद्धा करावी लागणार नाही.