टोकाची माणसे आणि बाकीचा पक्ष

एखाद्या राजकीय पक्षाविषयी किंवा चळवळीविषयी आपले मत कसे बनते, याचा प्रामाणिकपणे शोध घेतला तर बहुतेक वेळा असे आढळते की त्या पक्षाचा जाहीरनामा आपण वाचलेला नसतो, त्याच्या साध्या सभासदाशी आपले निवांत बोलणे झालेले नसते, पण त्याच्यातल्या चार-दोन भडक माणसांची वाक्ये मात्र आपल्याला तोंडपाठ असतात. ती वाक्ये खरोखर उच्चारली गेलेली असतात, कोणी रचलेली नसतात, आणि म्हणूनच त्यांच्यावरून काढलेला निष्कर्षही खराच असणार असे आपण गृहीत धरतो. माझा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे. पुरावा खरा आणि निष्कर्ष मात्र खोटा, असे राजकारणात सतत घडते, आणि ते कसे घडते हे नीट समजून घेणे मला फार निकडीचे वाटते.

एका मोर्चात हे मी अगदी जवळून पाहिले आहे. मोर्चेकऱ्यांत बहुतेक जण शांतपणे चालत होते. कोणी कडेवरचे मूल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेत होते, कोणी मागण्यांची छापील पत्रके वाटत होते, आणि पत्रक घेणाऱ्याने काही विचारले की थांबून समजावून सांगत होते. तेवढ्यात एक तरुण अडथळ्याच्या लोखंडी कठड्यावर चढला आणि विरोधकांना भर चौकात फासावर लटकवा, अशी घोषणा त्याने दिली. सगळे कॅमेरे क्षणात त्याच्याकडे वळले. मोर्च्याचा एक स्वयंसेवक गर्दीतून वाट काढत पुढे आला, त्या तरुणाची बाही धरून त्याला खाली ओढू लागला आणि त्याच्यावर ओरडला. संध्याकाळी सर्वत्र फिरलेल्या चित्रफितीत घोषणा होती, तरुणाचा लालबुंद चेहरा होता, पण ती बाही धरणारा हात चौकटीबाहेर राहिला होता. त्या माणसाविषयी मोर्च्याचे स्वतःचे मत काय होते, याचा तेथे उपलब्ध असलेला एकमेव पुरावा म्हणजे तो हात होता.

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो, आणि भातापुरते ते बरोबरही आहे, कारण सगळी शिते एकाच आधणात शिजलेली असतात आणि त्यांतले कोणतेही एक आपण न निवडता उचलतो. राजकारणात शीत आपण उचलत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी निवडून आपल्यापुढे ठेवलेले असते, आणि निवडताना सर्वांत करपलेलेच शोधलेले असते.

बातमीदारांना किंवा समाजमाध्यमांना दोष देऊन हा विषय संपत नाही, कारण निवड करणाऱ्याचे अर्धे काम आपले मनच करते. मानसशास्त्रज्ञ मायरन रॉथबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक मला या संदर्भात नेहमी आठवतो. लोकांना एका काल्पनिक गटातील माणसांच्या कृत्यांची यादी वाचायला दिली होती. काहींच्या यादीतील गुन्हे किरकोळ होते, काहींच्या यादीतील गंभीर. गुन्ह्यांची संख्या मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखी होती. नंतर या गटात गुन्हेगार किती होते असे विचारले, तेव्हा गंभीर गुन्हे वाचलेल्या लोकांनी अधिक मोठा आकडा सांगितला. म्हणजे कृत्य जितके भयंकर तितके ते लक्षात राहते, आणि जे चटकन आठवते ते पुष्कळदा घडत असावे असे मन परस्पर ठरवून टाकते. तीव्रतेचे रूपांतर संख्येत होते, आणि हे आपल्या नकळत होते. त्याआधी १९७६ साली डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी दाखवले होते की मोठ्या आणि लहान अशा दोन गटांत चांगल्या-वाईट वर्तनाचे प्रमाण अगदी सारखे ठेवले तरी वाचणारे लोक वाईट वर्तन लहान गटाच्या खात्यावर जास्त मांडतात. राजकारणातील लहान पक्षांना आणि नव्या चळवळींना हा दुहेरी फटका बसतो.

प्रत्यक्ष राजकारणात ही चूक केवढी मोठी असते, याचे मोजमाप अमेरिकेत झालेले आहे. ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विरोधी पक्षातील किती लोक टोकाची मते बाळगतात असे विचारले, तेव्हा दोघांचाही अंदाज सुमारे ५५ टक्के निघाला. प्रत्यक्षातले प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की बातम्या सतत पाहणाऱ्यांचा अंदाज क्वचित पाहणाऱ्यांपेक्षा अधिक चुकला होता. त्याच वर्षी प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेला असे आढळले की अमेरिकेतील प्रौढ वापरकर्त्यांच्या ट्विटरवरील राष्ट्रीय राजकारणविषयक मजकुरापैकी ९७ टक्के मजकूर अवघ्या १० टक्के वापरकर्त्यांनी लिहिलेला होता. जे बोलत नाहीत त्यांचे मत आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि बहुसंख्य लोक बोलत नाहीत.

या सगळ्यात एक विषमता अशी आहे की तिच्याबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही. आपल्या बाजूचा कोणी वाह्यात बोलला की तो ‘अपवाद’ असतो, ‘उत्साही कार्यकर्ता’ असतो, ‘त्याच्या बोलण्याचा विपर्यास’ झालेला असतो. समोरच्या बाजूचा कोणी तसेच बोलला की ‘यांचा खरा चेहरा उघड झाला’ असे आपण म्हणतो आणि ते सगळे एकाच माळेचे मणी ठरतात. स्वतःच्या पक्षातील माणसे आपल्याला नावानिशी, स्वभावासकट ठाऊक असतात, त्यामुळे त्यांच्यातले मतभेद दिसतात. दुसऱ्या पक्षाकडे आपण लांबून पाहतो, त्यामुळे तो एकसंध दिसतो. हे मानवी आहे, पण न्याय्य नाही, आणि मतदार म्हणून आपण जो निवाडा देतो त्यावर इतरांचे भवितव्य अवलंबून असल्यामुळे ‘मानवी’ म्हणून ते सोडून देता येत नाही.

या चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे १८५९ साली अमेरिकेत दिसले. गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एकवीस साथीदारांसह व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. गुलामांचे बंड पेटवण्याचा त्याचा बेत होता. बेत फसला आणि २ डिसेंबरला त्याला फाशी झाली. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेतील राज्यांच्या पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी मात्र रिपब्लिकन पक्ष म्हणजेच जॉन ब्राउन असे समीकरण मांडले. या पक्षाची अधिकृत भूमिका गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देऊ नये एवढीच होती. जेथे ती आधीपासून होती तेथे हात घालण्याचा आपला हेतू नाही, असे या पक्षाचे नेते अब्राहम लिंकन पुनःपुन्हा सांगत होते. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कमधील कूपर युनियन येथे केलेल्या भाषणात त्यांनी या आरोपाला सरळ उत्तर दिले. जॉन ब्राउन रिपब्लिकन नव्हता, असे त्यांनी ठणकावून सांगितले. आमच्या पक्षातील कोणी त्या कटात सामील असेल तर ते तुम्हाला ठाऊक आहे किंवा नाही. ठाऊक असेल तर त्याचे नाव घेऊन सिद्ध न करणे अक्षम्य आहे, आणि ठाऊक नसेल तर आरोप करणे अक्षम्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाचे मोल मला असे वाटते की त्याने आरोप करणाऱ्यावर एक कर्तव्य टाकले: संबंध दाखवा. नुसता कल सारखा असणे म्हणजे संबंध नव्हे. ब्राउनला गुपचूप पैसे पुरवणारे सहा जण होते, आणि उत्तरेतील कित्येकांनी त्याला हुतात्मा मानले, ही गोष्टही खरीच आहे. स्वतः लिंकन यांनी मात्र गुलामगिरी अन्यायाची आहे या त्याच्या मताशी सहमती दाखवूनही त्याच्या हिंसेचे समर्थन करण्यास नकार दिला होता. हा भेद ऐकण्याची दक्षिणेची तयारी नव्हती. लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाले. त्यानंतर पेटलेल्या अमेरिकी यादवी युद्धाचे मूळ कारण गुलामगिरी हेच होते, याविषयी संभ्रम नको. पण एका माणसाच्या चेहऱ्याआड अख्खा पक्ष झाकला गेला नसता, तर तडजोडीची भाषा बोलणाऱ्यांना थोडी तरी जागा उरली असती, असे मला वाटते.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हे लिखाण प्रत्येक पक्षाला पळवाट देणारे ठरेल. टोकाच्या माणसांवरून पक्षाविषयी काहीच कळत नाही, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ कळते, फक्त ते त्या माणसाच्या वाक्यातून कळत नाही, पक्ष त्याला कोठे बसवतो यावरून कळते. भडक बोलणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत उमेदवारी मिळाली की घरचा रस्ता दाखवला गेला, त्याच्या सभेला वरिष्ठ नेते व्यासपीठावर होते का, त्याची भाषा वर्षभरात पक्षाच्या ठरावांत उतरली का, हे प्रश्न विचारले की निवाड्याला आधार मिळतो. सभासद कोणीही होऊ शकतो, उमेदवारी मात्र पक्ष देतो. म्हणून सभासदाच्या बोलण्याचा दोष पक्षाला लावताना मी कचरतो, आणि उमेदवाराच्या बोलण्याचा दोष लावताना अजिबात कचरत नाही.

संख्या कमी आहे, हेही नेहमीच दिलासा देणारे नसते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला तेव्हा त्याच्या मंत्रिमंडळात त्याच्याखेरीज फ्रिक आणि गोरिंग हे दोनच नाझी होते. बाकीचे बहुतेक पारंपरिक उजवे होते आणि आपण त्याला आवरू, अशी त्यांची खात्री होती. पण देशाचे गृहखाते फ्रिकच्या हातात होते, आणि प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याचे, तेथील पोलिसांवर ताबा मिळवून देणारे गृहखाते गोरिंगच्या. काही महिन्यांतच ते बहुमत निरर्थक ठरले. तेथे टोकाच्या माणसांकडे पाहून सावध झालेले लोकच बरोबर होते, कारण ती माणसे कडेला नव्हती, किल्ल्या त्यांच्या हाती होत्या.

आणि पक्षाने आपल्याच टोकाच्या माणसांना कसे वागवावे, याचा सर्वांत कठोर दाखला आपल्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि त्यात वीसहून अधिक पोलीस मारले गेले. देशभरच्या लाखो सत्याग्रहींचा त्या घटनेशी काडीचा संबंध नव्हता; तरीही गांधीजींनी सविनय कायदेभंगाची मोहीम थांबवली आणि स्वतः पाच दिवस उपोषण केले. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना हा निर्णय अजिबात पटला नाही. एका गावातील कृत्यासाठी सगळ्या देशाने का थांबावे, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मला स्वतःला गांधीजींचा निर्णय राजकीयदृष्ट्या योग्य होता की नाही हे ठरवता आलेले नाही, पण त्यांनी एक दुर्मीळ गोष्ट केली: जी कठोर फूटपट्टी आपण एरवी विरोधकांसाठी राखून ठेवतो, ती त्यांनी स्वतःच्या बाजूला लावली. ती स्वतःला लावण्याचा अधिकार नेत्याला आहे. तीच दुसऱ्याला लावण्याचा अधिकार मात्र आपोआप मिळत नाही.

या सगळ्या निवाड्यांचा भार अखेर कोणावर पडतो, तर पक्षातल्या मध्यम माणसावर. माझा एक जुना मित्र माझ्या विरोधी मताच्या पक्षात आहे. मतदारयादीतून नाव गळालेल्या लोकांचे अर्ज भरून देणे हे त्याचे मुख्य काम, आणि अर्ज भरताना तो समोरच्याला कोणाला मत देणार असे विचारत नाही. त्याच्या पक्षातील कोणी विखारी बोलले की ओळखीचे सगळे त्यालाच जाब विचारतात. पूर्वी तो पक्षाच्या बैठकीत अशा वक्त्यांविरुद्ध उभा राहून बोलत असे. आता तो म्हणतो, बाहेर सगळे मला त्यांच्यातलाच समजतात आणि आत मला फितूर म्हणतात, मग बोलून उपयोग काय? बैठकांना जाणे त्याने हळूहळू सोडले आहे. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसेल, याची त्या पक्षातील भडक वक्त्यांना चिंता नाही. त्यांना ती खुर्ची हवीच होती. चिंता त्या पक्षाच्या विरोधकांना, म्हणजे माझ्यासारख्यांना असायला हवी, कारण उद्या वाटाघाटीला बसायची वेळ आली तर समोर बोलण्याजोगा जो माणूस असता, त्याला आम्हीच जाब विचारून विचारून घरी बसवले आहे.